तारे बघायला दुर्बीण घेताय? आधी आकडे बघा

दोन डोळ्यांची दुर्बीण म्हणजे बायनॉक्युलर घेताना सगळे पहिलं विचारतात की किती पट मोठं दिसतं, पण आकाशासाठी खरं महत्त्व पुढच्या भिंगाला आहे. १०×५० लिहिलं असेल तर १० पट मोठं दिसणार आणि भिंग ५० मिमीचं. आता ५० ला १० ने भागा, ५ आलं ना, तेवढ्या मिमीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. अंधारात तरुणांची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी, आणि ७×५० चा सातेक मिमीचा झोत मग तिच्यात मावत नाही, म्हणून चाळिशीनंतर ७×५० पेक्षा १०×५० बरी. २० पटवाली हातात धरून बघायला जाऊच नका, हात इतका हलतो की तारा ठिपका न राहता वळवळणारी रेघ होतो, तिला ट्रायपॉडच लागतो. झूमवाली तर मी कुणालाच सांगणार नाही.

घेण्याआधी दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचं वर्तुळ दिसेल, ते पूर्ण गोल हवं, कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या प्रतीचे. चष्मा लावून बघणार असाल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, किमान १५ मिमी बघा. आणि पहिल्यांदा कृत्तिकाच बघा, नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात तिथे डझनावारी तारे उमटतात!