डोंगरातल्या नद्या-तलावांत स्मॉलमाउथ बास कसा गरवावा

स्मॉलमाउथ बास लागत नसेल तर बहुतेक वेळा दोष जागेचा नसतो, आमिषाच्या वजनाचा असतो. हा मासा तळाच्या खडकांना धरून राहतो. कपारीतला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला बोटाएवढा शेवंडच म्हणा, हे त्याचं आवडतं खाणं. आमिष जड झालं की पहिल्याच फटीत रुततं, हलकं झालं की माशाच्या डोक्यावरून वाहून जातं. म्हणून पेटीत पन्नास रंगांची आमिषं भरण्यापेक्षा एकाच रंगाची चार वजनं ठेवा.

हा मासा उत्तर अमेरिकेचा. इथं डोळ्यांसमोर ॲपलेचियन डोंगरातली दोन पाणी ठेवली आहेत: व्हर्जिनियातली न्यू रिव्हर आणि नॉर्थ कॅरोलायनातला फोंटाना तलाव. शार्लट, रॅली किंवा वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवार-रविवार धरून गाठता येतील अशी. जगातला सर्वांत मोठा नोंदलेला स्मॉलमाउथ (११ पौंड १५ औंस) १९५५ साली टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात लागला. पण डोंगरी नदीत २ पौंडांचा मासासुद्धा मनगट दुखवतो.

ओळख पक्की करून घ्या. अंग पितळी-तपकिरी, त्यावर उभे पट्टे, डोळा बऱ्याचदा लालसर. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं मागचं टोक डोळ्याखालीच संपतं. डोळ्याच्या मागं गेलं आणि अंगावर आडवा काळा पट्टा असला तर तो लार्जमाउथ.

परवाना आणि पाण्याचं तापमान

दोन्ही राज्यांत १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. तो राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. किती मासे ठेवता येतात आणि किती लांबीचे, हे त्या-त्या नदीच्या टप्प्यानुसार बदलतं, त्यामुळे निघण्याआधी नियम वाचा. फोंटानाच्या उत्तरेला ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या ओढ्यांत जिवंत आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम आमिष आणि एकेरी गळ.

एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर मासा सुस्त असतो, आमिष अगदी सावकाश न्यायचं. १५ ते १८ अंशांना वीण सुरू होते. नर गोट्यांमध्ये ताटाएवढा खळगा साफ करून राखण करतो आणि जवळ आलेल्या कशावरही धावतो. त्या वेळी त्याला काढलं की छोटे मासे मिनिटभरात अंडी फस्त करतात, म्हणून उथळात असा खळगा दिसला तर पुढं चला. २० ते २५ अंश म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पाण्याच्या वरच्या थरात धावणारे मासे.

साहित्य

साडेसहा ते सात फुटांचा मीडियम ताकदीचा, टोकाला पटकन वाकणारा स्पिनिंग रॉड. २५०० आकाराचं रीळ. त्यावर १० पौंडी (म्हणजे तेवढी ओढ सोसणारी) वेणीची लाइन, पुढं दोन मीटर ८ पौंडी फ्लुरोकार्बन, म्हणजे एकसंध पारदर्शक लाइन. वेणीच्या लाइनमुळे तळाची टकटक बोटांपर्यंत पोचते, आणि फ्लुरोकार्बन स्वच्छ पाण्यात कमी दिसतं, शिवाय खडकावर घासलं तरी तग धरतं. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक, साधारण २ पौंडांच्या ओढीला सुटेल इतपत ठेवा. घट्ट ठेवला तर पहिल्याच उडीला लाइन तुटते किंवा गळ सुटतो.

आमिषं तीन पुरतात:

- ट्यूब: अडीच ते साडेतीन इंची, पोकळ, शेपटीला झालर असलेलं मऊ प्लास्टिक. हिरवट-तपकिरी रंग.
- नेड रिग: चपट्या डोक्याच्या जिगवर (जिग म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ) पावणेतीन इंची सरळ प्लास्टिक. नवशिक्याने इथून सुरुवात करावी.
- २ किंवा ३ नंबरचा फिरत्या पात्याचा स्पिनर, माशांचा ठावठिकाणा शोधायला.

जिगची डोकी १/१६, १/१० (नेडसाठी), १/८ आणि १/४ औंस अशी घ्या, म्हणजे साधारण २ ते ७ ग्रॅम. ट्यूबमध्ये जिग शेपटीकडून आत सरकवायचा, डोकं नाकाशी टेकलं की वरून चिमटीत दाबून लाइन ओवायची कडी प्लास्टिकबाहेर काढायची. कडी तिरकी निघाली तर ट्यूब गोल गोल फिरते आणि लाइनला पीळ पडतो. अशा वेळी ती काढून पुन्हा घाला.

गाठ पॅलोमर मारा. लाइन दुहेरी करून कडीतून ओवा, दुहेरी लाइनची साधी सैल गाठ घाला, तयार झालेल्या फासातून अख्खा जिग काढा, थुंकीने ओलं करा आणि हळू ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाने फ्लुरोकार्बन भाजतं आणि पांढुरकं पडतं. तशी दिसली की कापून नवीन गाठ मारायची, आळस करायचा नाही.

नदी वाचणं

न्यू रिव्हर नावानं नवी असली तरी फार जुनी नदी मानली जाते. तिच्या पात्रात कातळाच्या पायऱ्या आडव्या पसरल्या आहेत. स्मॉलमाउथला धारेत उभं राहून दमायचं नसतं, पण धारेतून येणारं खाणं मात्र हवं असतं. त्यामुळे वेगवान आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासून जातं, ती रेषा शोधा. तिच्यावर बहुधा फेस किंवा पानं तरंगताना दिसतात. मोठ्या दगडाच्या मागचा भोवरा सगळ्यांनाच दिसतो. दगडाच्या पुढं, प्रवाह येतो त्या बाजूला, जे गुबगुबीत शांत पाणी साचतं तिथं बऱ्याचदा मोठा मासा असतो, आणि नेमकं तेच लोक सोडतात. कातळाच्या पायरीखालची सावली आणि डोहाचा शेवट, जिथं पाणी उथळ होऊन पुन्हा खळाळतं, हीही जागा सोडू नका.

पाऊस पडून पाणी दुधाच्या चहासारखं झालं असेल तर मासे काठाच्या संथ पाण्यात सरकतात. गुडघाभर पाण्यात तुमचा बूट दिसत नसेल, तर घरी गेलेलं बरं.

पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट आणि आधाराची काठी हवीच, आणि पाणी मांडीच्या वर जाऊ देऊ नका. न्यू रिव्हरवर रॅडफर्ड गावाच्या वरच्या अंगाला क्लेटर धरण आहे. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खालची पातळी वाढते. काठाजवळचा एक कोरडा दगड हेरून ठेवा. त्याचा माथा भिजला की लगेच बाहेर. पाय घसरून वाहत गेलात तर पाठीवर पडा, पावलं प्रवाहाच्या दिशेला वर धरा, आणि जोरदार धारेत उभं राहायचा प्रयत्न करू नका: पाऊल कपारीत अडकलं तर पाणी माणसाला खाली दाबतं.

फेक आणि ओढ

१. प्रवाहाविरुद्ध चालत वर जा. माशाचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे तुम्ही त्याच्या पाठीमागे राहता.

२. तिरकं वर फेका, आमिष हेरलेल्या जागेच्या दोन-तीन मीटर वर पडू द्या.

३. आमिष तळाला पोचेपर्यंत रॉडचं टोक वर धरा. मग प्रवाह आणेल तसं येऊ द्या, फक्त लाइनचा झोळ गोळा करत राहा. तुम्ही ओढायचं नाही.

४. दर दोन-तीन सेकंदांनी एकदा 'टक्' जाणवायला हवं. पूर्ण फेकीत एकदाही नाही जाणवलं, तर जड डोकं लावा. सतत अडकतंय, तर हलकं. कमरेइतक्या पाण्यात बहुधा १/८ औंस जमतं, उथळात १/१६, खोल वेगवान धारेत १/४.

५. लाइन बाजूला सरकली, किंवा वजन एकदम नाहीसं झालं, तर मासा आहे. झोळ गोळा करा आणि रॉड आडवा ओढा. वर झटका मारला तर बारीक तारेचा गळ वाकतो.

६. मासा उडी मारताना रॉडचं टोक खाली करा, पण लाइन सैल पडू देऊ नका.

आमिष अडकलं तर जोर लावून ओढू नका, त्याने गळ आणखी रुततो. लाइन ताणून धरा, रिळाजवळ बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखी ओढा आणि सोडा. तीन-चार वेळा केलं की जिग बहुधा मागं उसळतो. दर दोन-तीन माशांनंतर शेवटचा मीटर नखांमधून ओढून बघा, खरखर लागली की कापा.

तलावात

फोंटानाचं धरण १९४४ मध्ये पूर्ण झालं, उंची ४८० फूट. तलाव स्वच्छ, खोल आणि सरळ उतरत्या काठांचा. हिवाळ्यात पाणी बरंच खाली नेतात. तेव्हा उघड्या पडलेल्या खडकाळ सोंडांचे फोटो काढून ठेवा, उन्हाळ्यात त्याच जागा पाण्याखाली असतात. जून ते ऑगस्टमध्ये पहाटे सोंडांच्या टोकाला, ऊन चढलं की २० ते ३० फूट खोलीवर.

कडक थंडीत टेनेसीकडची 'फ्लोट अँड फ्लाय' पद्धत चालते. ९-१० फुटी लवचीक रॉड, ४ पौंडी लाइन, १/१६ औंसाचा केसाळ जिग आणि त्याच्या ८ ते १२ फूट वर तरंगता फुगा. कड्याच्या काठाजवळ टाकायचं आणि टोक इतकंच थरथरवायचं की फुगा जागच्या जागी डुलेल. फुगा बुडण्याची वाट बघत बसू नका. मासा जिग खालून उचलतो तेव्हा फुग्यावरचं वजन जातं आणि तो आडवा पडतो. आडवा पडला की ओढा.

सोडताना

डोंगरी पाण्यात हा मासा हळू वाढतो. १८ इंची मासा सहज आठ-दहा वर्षांचा असतो, तो कालवणात घालायचा नाही. गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवा, हात ओले करा, खालचा ओठ धरताना दुसरा हात पोटाखाली द्या. फक्त जबड्याला धरून आडवा केला की सांधा निखळतो. पाणी २७ अंशांच्या वर गेलं असेल तर गरवणं थांबवा. तीस फुटांहून खोलवरून आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो सोडल्यावर कुशीवर तरंगतो. असा एक दिसला की ती जागा सोडून उथळ सोंडेकडे होडी वळवा.