गोल्डफिशचा सुजलेला डोळा: माझा अनुभव

नेरुळच्या घरात आमच्या ९० लिटरच्या टाकीत दोन गोल्डफिश आहेत. जुलैत एका सकाळी खाणं टाकताना दिसलं, की मोठीचा उजवा डोळा बाहेर आलाय आणि त्यावर दुधाळ पडदा धरलाय. पोटात धस्स झालं. मुलगी तर शाळेत जायलाच तयार होईना.

दुकानदाराने लगेच अँटिबायोटिकची बाटली पुढे केली. मी घेतली नाही, ते बरंच झालं. एकच डोळा सुजला असेल तर बहुतेकदा मार लागलेला असतो; दोन्ही सुजले, की आधी संसर्गाचा किंवा खराब पाण्याचा संशय घ्यावा. टाकीत हात फिरवला तर प्लास्टिकच्या झाडाची एक पात चांगलीच टोकदार लागली. झाड काढून टाकलं. पण पडदा कशाने? पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया (माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठणारं विष) ०.५ पीपीएम आला, तो शून्य हवा. चूक माझीच. आठवड्यापूर्वी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला होता, त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू गेले. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा असतो.

मग रोज पाव टाकी पाणी बदललं, क्लोरीन काढून. सुजेसाठी एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जेवणातलं मीठ नव्हे), २० लिटरला एक चहाचा चमचा, आधी मगात विरघळवून. ते उडून जात नाही, म्हणून पुढे फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घातलं.

चौथ्या दिवशी पडदा विरळ झाला. सूज उतरायला मात्र तीन आठवडे गेले. मध्येच खवले उभे राहिले असते (अंगात पाणी साठल्याची खूण), तर मी थेट पशुवैद्यांना गाठलं असतं. आता ती पुन्हा काचेपाशी येऊन खाणं मागते.