ईसीजी की टीएमटी? हृदयतपासणीला निघण्यापूर्वी

तपासणीचा दिवस ठरवण्याआधी एका कागदावर आपला त्रास नेमका केव्हा होतो ते लिहून काढावे. पणजीत अल्तिनोची चढण चढताना छातीवर दडपण येते आणि दोन-तीन मिनिटे थांबल्यावर ते ओसरते, की बसल्या जागी धडधड सुरू होते, यावर साधा ईसीजी की टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, ही पुढची निवड बरीचशी अवलंबून असते. आडवे झोपवून काढलेल्या ईसीजीच्या पट्टीवर सुमारे दहा सेकंदांचीच नोंद असते. विश्रांतीत हृदयाच्या स्नायूला रक्त कमी लागते, त्यामुळे रोहिणी अरुंद झालेली असूनही ती पट्टी अगदी स्वच्छ येऊ शकते. म्हणून चढणीवर होणाऱ्या त्रासाचा प्रश्न स्वच्छ ईसीजीने मिटला असे कोणीही मानू नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

तरीही साधा ईसीजी आधी हवाच. जुना झटका, अनियमित ठोके किंवा डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (हृदयातील विद्युत संदेशाच्या वाटेतला अडथळा) त्यात दिसू शकतो, आणि असा ब्लॉक किंवा पेसमेकर असल्यास पट्ट्यावर चालताना काढलेला आलेख विश्वासाने वाचता येत नाही. अशा वेळी डॉक्टर सहसा प्रतिमा घेणारी तपासणी सुचवतात. झडपांची शंका असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा, कारण महारोहिणीची झडप फार अरुंद होऊन त्रास देत असल्यास टीएमटी धोक्याची ठरते. गुडघे दुखत असतील तर तेही लपवू नये, कारण औषधाने हृदयाची गती वाढवून करायचा स्ट्रेस इको हा पर्याय उपलब्ध असतो.

विश्रांतीतही छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर तयारी बाजूला ठेवून लगेच १०८ला फोन करावा.

टीएमटी ठरली तर औषधांची यादी सर्वांत महत्त्वाची. सामान्यतः २२० वजा वय या संख्येच्या ८५ टक्के गती गाठायची असते, म्हणजे साठाव्या वर्षी मिनिटाला १३६ ठोके. माझ्या मामांनी बीटा ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली होती, त्याबद्दल त्यांना कोणी विचारलेही नव्हते; ठोके वाढलेच नाहीत, आणि तपासणी अनिर्णित राहिली. मात्र अशी गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. किती तास आधी थांबवायची, की घेऊनच यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळच्या मात्रेबद्दलही विचारावे.

दोन-तीन तास आधी हलके खाऊन चहा, कॉफी आणि तंबाखू टाळावी. अंगाला खोबरेल लावू नये, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. साडीऐवजी सैल सुती कपडे घालावेत. पावसाळ्यात आपल्याकडे सगळेच चपला घालून निघतात, म्हणून बूट कोरड्या पिशवीत वेगळे न्यावेत. ब्रूस या टीएमटीच्या प्रचलित पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात, त्यावर चपला घालून चालणे सुरक्षित नाही. जुना ईसीजी सोबत असावा, आणि घरचे एखादे माणूसही. चालताना छातीत दडपण आले किंवा भोवळ आली तर दम धरून न राहता तत्काळ सांगावे. अहवाल हाती आल्यावर किती मिनिटे चाललो, ठोके कुठवर गेले आणि तपासणी कशामुळे थांबवली, या तीन गोष्टी त्यात लिहिल्या आहेत ना, हे तिथेच पाहून घ्यावे.