पुण्याहून कोलंबसला येताना: मुलांच्या हायस्कूलची तयारी

कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत बदली होऊन पुण्याहून आमच्या कोलंबसला येणाऱ्यांचे फोन एप्रिल-मेपासून सुरू होतात. (हे इंडियानातलं कोलंबस, ओहायोतलं नव्हे. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण ७० किलोमीटरवर, ५० हजार वस्तीचं गाव.) सगळे आधी घराचं आणि गाडीचं विचारतात. घरात नववी-दहावीतलं मूल असेल तर मी म्हणते, घर मिळेल, गाडीही मिळेल, आधी शाळेची कागदपत्रं बघा. इथे हायस्कूल नववी ते बारावी असतं आणि नववीपासूनचा प्रत्येक विषय डिप्लोम्याच्या (म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राच्या) हिशेबात धरतात. निम्मी तयारी पुणं सोडण्याआधीच उरकावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे नववीचं प्रगतिपुस्तक. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की नववीला कुणी विचारत नाही, त्यामुळे बहुतेक जण फक्त बोर्डाची मार्कशीट घेऊन येतात. इथे एक विषय एक सत्र पूर्ण केला की एक क्रेडिट, असा हिशेब असतो. नववीची नोंदच नसेल तर ती क्रेडिट द्यायची कशाच्या आधारावर? शाळेकडून नववी आणि दहावीचे विषयवार गुण, लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या. मराठी, हिंदी, संस्कृत वेगवेगळे दिसू द्या. परकीय भाषेची क्रेडिट म्हणून ती धरता येतील का, हे इथे विचारता येतं. शाळा सोडल्याचा दाखला इथे फारसा कुणी मागणार नाही, तरी काढून ठेवा. परत जाणं झालं तर तोच लागेल.

दुसरी गोष्ट लसींची. इंडियानात हायस्कूलच्या मुलांना हिपॅटायटिस ए आणि कांजिण्यांचे प्रत्येकी दोन डोस, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकलची (मेंदूज्वराची) लस लागते. आपल्याकडच्या लसीच्या कार्डावर नेमक्या याच बऱ्याचदा नसतात. बीसीजी मात्र इथल्या यादीत नाही. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर महिना आणि वर्ष लिहून डॉक्टरांचं पत्र घ्या. राहिलेल्या लसी पुण्यातच तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे सुरू करा आणि तारखा इंग्रजीत लिहून घ्या. दोन डोसांमध्ये महिने जातात आणि इथली शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते, हे लक्षात ठेवा.

गावात मोठी हायस्कूल दोन आहेत, कोलंबस नॉर्थ आणि कोलंबस ईस्ट. दोन्ही सरकारी. फी नाही, आणि २०२३ पासून इंडियानात पुस्तकांचे पैसेही पालकांकडून घेत नाहीत. मूल कुठल्या शाळेत जाणार हे पत्त्यावरून ठरतं का, हे लीजवर (घरभाड्याच्या करारावर) सही करण्याआधीच शाळांच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. ‘चांगली शाळा कुठली’ यावर आपल्या लोकांत फार खल चालतो. मला विचाराल तर घराजवळची चांगली. नाव नोंदवताना पासपोर्ट किंवा जन्मदाखला, लीज, लसींची नोंद आणि गुणपत्रकं लागतात. सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसला तरी प्रवेश अडत नाही.

त्याच फॉर्ममध्ये घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असतो. मराठी लिहा. इंग्लिश मीडियम म्हणून ‘इंग्लिश’ लिहायचा मोह होतो, पण मराठी लिहिल्याने मुलाचं काही बिघडत नाही. फार तर इंग्रजीची एक चाचणी घेतात. त्यात उत्तम केलं तर विषय तिथेच संपतो, आणि मदत लागणार असेल तर ती हक्काने मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: काउन्सेलरची, म्हणजे विषय निवडून देणाऱ्या शाळेतल्या मार्गदर्शकाची, भेट. कोणत्या विषयाच्या कोणत्या वर्गात बसायचं, हे तिथे ठरतं, आणि गणितात घोटाळा होतो तो इथेच. अमेरिकेत एक वर्ष अल्जिब्रा वन, मग एक वर्ष जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, असा क्रम असतो. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती बरोबरीने चालतात. गुणपत्रकावर नुसतं ‘मॅथेमॅटिक्स’ दिसलं की समोरच्या माणसाला त्यात काय काय येतं हे कळायला मार्ग नसतो. सावध निर्णय म्हणून मूल अल्जिब्रा वनमध्ये बसतं आणि वर्षभर कंटाळतं.

यावर उपाय सोपा आहे. बालभारतीची दहावीची गणित भाग १ आणि भाग २, इंग्रजी माध्यमाची, सामानात टाका. सीबीएसईवाल्यांनी एनसीईआरटीचं पुस्तक आणा. माझ्या मैत्रिणीच्या मुलीबरोबर मी या भेटीला गेले होते. तिने भाग १ मधलं वर्गसमीकरणांचं प्रकरण उघडून समोर ठेवलं, मग भाग २ मधली त्रिकोणमिती. काउन्सेलर बाई पानं उलटत राहिल्या, मध्येच एक गणित मुलीकडून सोडवून घेतलं आणि तिला अल्जिब्रा टूचा वर्ग मिळाला. आई-वडिलांचा आग्रह हवा तेवढा असो, काम त्या उघड्या पानाने केलं. भेटीत मुलालाच बोलू द्या. आपण मध्ये उत्तरं दिली की इथल्या लोकांना ते खटकतं, आणि पुढे बारावीपर्यंत या बाईंशी बोलायचं मुलालाच आहे.

डिप्लोम्याचे नियम २०२९ साली बाहेर पडणाऱ्या बॅचपासून बदलले आहेत. त्यामुळे कुणाच्या मोठ्या भावाने काय घेतलं होतं ते विसरा आणि आपल्या मुलाच्या वर्षाचा तक्ता काउन्सेलरकडून छापून घ्या. अकरावीत एसएटी ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा शाळेतच होते, तीही विनामूल्य. कॉलेजचं क्रेडिट देणारे विषयही हायस्कूलमध्ये घेता येतात. कोणते, हे पहिल्याच भेटीत विचारा.

डब्याचं फार मनावर घेऊ नका, पोळी-भाजी चालते. अवघड असतं ते जेवणाच्या सुट्टीत कुणाशेजारी बसायचं. इथे वर्ग म्हणून एक तुकडी नसते, दर तासाला खोली बदलते आणि सोबतची मुलंही बदलतात. म्हणून पहिल्या महिन्यातच मुलाला कशात तरी घाला: बँड, ऑर्केस्ट्रा, रोबोटिक्स, क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचं धावणं). खेळायचं असेल तर डॉक्टरांचा तपासणीचा फॉर्म १ एप्रिलनंतरच्या तारखेचा लागतो. त्याशिवाय सरावालाही उभं करत नाहीत. खेळत नसेल तर हिवाळ्यात नॉर्थला एक तरी बास्केटबॉलची मॅच बघायला पाठवा. त्या जिममध्ये ७ हजारांच्या आसपास माणसं बसतात आणि इंडियानात बास्केटबॉल म्हणजे काय चीज आहे ते एका संध्याकाळी कळतं.

सोळा वर्षांची बरोबरीची मुलं दुकानांत कामाला लागतात. एच-४ किंवा एल-२ वर (आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आलेल्या मुलांना पगारी काम करता येत नाही, हे त्यांना आधीच नीट समजावून सांगा, म्हणजे मित्राने बोलावल्यावर ऐनवेळी कानकोंडं व्हायला नको.

वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी प्रत्येक विषय तपासा. चुकीचा वर्ग मिळाला असेल तर बदल सत्राच्या सुरुवातीच्या दिवसांतच होतो. ईमेल काउन्सेलरला, मुलाच्या नावाने, तुम्ही सीसीत.