वर्गात स्ट्रूपचा प्रयोग कसा करावा, आणि त्यात क्रम कसा फसवतो

‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असला, की शाईचा रंग सांगताना जीभ अडखळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली हे मोजून दाखवलं. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले, तर शब्द आणि शाई जुळत नसलेल्या १०० शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३. फरक एवढा मोठा आहे, की प्रयोग कितीही गबाळेपणाने केला तरी काहीतरी दिसतंच. म्हणूनच तो बहुतेक वेळा गबाळेपणाने केला जातो.

कार्डं आधी बनवा. रंग चारच घ्या: लाल, निळा, हिरवा, जांभळा. पिवळा नको, पांढऱ्या कागदावर तो वाचायलाच त्रास होतो आणि मग तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसता. एका कार्डावर ६ ओळी, ओळीत ८ शब्द, म्हणजे ४८. प्रत्येक रंगाचं नाव १२ वेळा येईल आणि उरलेल्या तीन रंगांत चार-चार वेळा छापला जाईल. एकच रंग लागोपाठ दोनदा नको. हे झालं ‘ब’ कार्ड. ‘अ’ कार्डावर तेच रंग, तितक्याच वेळा, पण शब्दांऐवजी नुसते चौकोन. दोन्ही कार्डांच्या वेगवेगळ्या क्रमाच्या दोन-दोन प्रती काढा, नाहीतर दुसऱ्या फेरीत क्रम पाठ झालेला असतो. स्वस्त प्रिंटरवर जांभळा आणि निळा सारखेच दिसतात. छापून आल्यावर ट्यूबलाइटखाली नीट बघून घ्या.

उत्तर मराठीतच द्यायचं, हे आधी सांगा. ‘ग्रीन’, ‘ब्लू’ म्हणू दिलंत तर अडथळा कमी होतो. ‘निळा’ म्हणाले की ‘निळं’, यावरून अडवू नका. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं देवनागरी वाचन संथ असेल, तर त्यांच्यातही फरक कमी येईल. शब्द आपोआप वाचला जातो म्हणूनच तो आड येतो. अशांना वगळायचं की त्यांची नोंद वेगळी ठेवायची, हे आकडे बघण्याआधी ठरवा. रंगांधळेपणाबद्दलही आधीच विचारून घ्या.

आता क्रम. सगळी गडबड इथेच होते.

सोयीचं म्हणून सगळ्यांना आधी ‘अ’ आणि मग ‘ब’ दिलं जातं. पण ‘ब’ येईपर्यंत माणसाची जीभ रंगांच्या नावांना सरावलेली असते, त्यामुळे ‘ब’ला लागणारा वेळ घटतो. माणूस दमलेला असेल तर उलट वाढतो. तुमच्या फरकात शब्दांचा अडथळा किती आणि सरावाचा वाटा किती, हे नंतर कोणत्याही गणिताने वेगळं काढता येत नाही. ‘मध्ये दोन मिनिटं विश्रांती दिली’ हे उत्तर तर अजिबात चालणार नाही. विश्रांतीने थकवा जातो, सराव जात नाही.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे अ-ब-ब-अ: आधी ‘अ’, मग दोनदा ‘ब’, शेवटी पुन्हा ‘अ’. समजा खरा वेळ ‘अ’ला ४० सेकंद आणि ‘ब’ला ६० आहे, आणि दर फेरीला सरावाने २ सेकंद वाचतात. मग आकडे येतील ४०, ५८, ५६, ३४. ‘अ’ची सरासरी ३७, ‘ब’ची ५७, फरक बरोबर २०. पण सराव असा एकसारखा वाढत नाही. पहिल्या फेरीनंतर तो भरपूर होतो, मग मंदावतो. समजा पहिल्या फेरीनंतर ६ सेकंद वाचले, मग आणखी २, मग १. आता आकडे ४०, ५४, ५२, ३१, आणि फरक १७.५. अडीच सेकंद गायब. हाच सराव ब-अ-अ-ब क्रमाने लावून बघा: ६०, ३४, ३२, ५१, फरक २२.५. दोन्हींची सरासरी काढली की पुन्हा २०.

म्हणून निम्म्या लोकांना अ-ब-ब-अ आणि निम्म्यांना ब-अ-अ-ब द्या. २० जण असतील तर दोन्ही क्रमांच्या दहा-दहा चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकाला एक उचलायला लावा. ‘पहिले दहा या क्रमाने, नंतरचे दहा त्या’ असं करू नका. आधी हात वर करणारी मुलं आणि शेवटी ओढून आणलेली मुलं सारखी नसतात. सुरुवातीला दहा चौकोनांची एक सराव फेरी घ्या, ती मोजू नका. सरावाचा सगळ्यात मोठा धक्का तिथेच जिरतो.

चूक झाली तर ती सुधारूनच पुढे जायचं, हा नियम सगळ्यांना एकच. स्टॉपवॉच शेवटपर्यंत एकाच्याच हातात.

फरक आधी प्रत्येकाचा काढा, मग त्या फरकांची सरासरी. कार्डाचा प्रकार हा स्वतंत्र चल (आपण बदलतो तो), लागलेला वेळ हा अवलंबी चल (आपण मोजतो तो).

अहवालाच्या चर्चेत ‘ज्याचा फरक जास्त त्याची एकाग्रता कमी’ असं लिहू नका. उत्तम वाचणाऱ्याचाही फरक मोठा येऊ शकतो. रंगाचं नाव सांगण्यापेक्षा शब्द वाचणं वेगाने होतं, हे मानसशास्त्रज्ञ वुंट यांच्या लाइपझिगच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या कॅटेल यांनी १८८६ मध्येच नोंदवलं होतं. बोधात्मक दृष्टिकोनातून, म्हणजे मनात माहितीवर प्रक्रिया कशी होते या अंगाने, लिहायचं तर मुद्दा हा, की न वाचण्याची सूचना असूनही वाचन थांबत नाही. ‘मला गोंधळल्यासारखं वाटलं’ हे सहभागी व्यक्तीचं आत्मनिवेदन, म्हणजे तिने स्वतःच्या अनुभवाबद्दल सांगितलेलं, वेगळ्या रकान्यात लिहा. त्यावरून काय घडलं ते कळतं, का घडलं ते कळत नाही.

तोंडी परीक्षेत ‘क्रम का बदलला?’ असं विचारलं, तर व्याख्या सांगत बसू नका. कागद मागा आणि मंदावणाऱ्या सरावाच्या उदाहरणातले, दोन्ही क्रमांचे मिळून आठ आकडे मांडून दाखवा.