पहिल्या वेळी डब्याच्या दुधाने दमवलं? दुसऱ्या बाळाच्या वेळी या चुका टाळा

"पहिल्याला डबाच लागला होता, आता दुसऱ्याला काय वेगळं होणार?" सातव्या-आठव्या महिन्यात हा विषय घरात निघतोच, आणि गरोदर बाई सोडून बाकी सगळे त्यावर मत देतात. जिला डब्याने दमवलंय, म्हणजे बाळाची शी घट्ट, उलट्या, भर पावसात डबा संपला की वाडीतून तालुक्याला पळापळ, तिला यावेळी अंगावर पाजावंसंही वाटतं आणि धास्तीही वाटते. पाजायचं की नाही हे तिनेच ठरवायचं. फक्त ठरवताना पुढच्या गोष्टींत फसू नये.

"मला दूधच नव्हतं" म्हणून विषय संपवणं

खरोखर दूध कमी येण्याची कारणं असतात: थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन बिघडवणारा विकार), स्तनावर झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपणात फार रक्त जाणं. पण बऱ्याच घरांत झालेलं असतं ते वेगळंच. सिझर झालं, बाळ छातीशी लागायला उशीर झाला, तिसरा दिवस उजाडला तरी नुसता पिवळा चीक. सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. मग मालवणातली आजी म्हणते, "पोर रडता गो, तुझा दूध पुरना नाय," आणि डबा उघडला जातो. पोट भरलेलं बाळ छातीला कमी ओढतं, आणि जेवढं ओढलं जाईल तेवढंच दूध बनतं. उपसा थांबला की विहिरीचे झरे बुजतात, तशातली गत. आठवड्याभरात दूध खरंच आटतं आणि आजीचं म्हणणं खरं ठरतं.

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चहाचा चमचाभर चीकही पुरतो. त्याचं पोटच तेवढं असतं. दुसऱ्या बाळंतपणात दूध बऱ्याचदा लवकर उतरतं, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा आठव्या महिन्याच्या तपासणीला जाताना पहिल्या वेळचं सगळं कागदावर लिहून न्या. बाळ किती तासांनी छातीशी लावलं, मध्ये साखरपाणी किंवा मध चाटवला का, वरचं दूध कितव्या दिवशी सुरू झालं, निपलला चिरा पडल्या होत्या का. (मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका, जंतुबाधेचा धोका असतो.) चिरा पडल्या असतील तर दुधाचं नव्हे, पकडीचं बघायला हवं. बाळाने नुसतं बोंड तोंडात धरलं की आई कळवळते आणि बाळाला दूधही मिळत नाही. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात, विशेषतः खालच्या बाजूचा, असं दिसलं पाहिजे. सिझरच्या टाक्यांवर भार नको असेल तर कुशीवर झोपून पाजा. हे दवाखान्यात असतानाच सिस्टरकडून दाखवून घ्या, घरी आल्यावर कुणाला वेळ नसतो.

रडण्यावरून दूध मोजणं

संध्याकाळी बाळ तासन्‌तास छाती सोडत नाही, तेव्हा घरभर "उपाशी आहे" अशी हाकाटी होते. ते बहुधा उपाशी नसतं, संध्याकाळी बाळं अशीच पितात. खरा हिशेब लंगोटांचा आणि वजनाचा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी. सुरुवातीला वजन थोडं उतरतं. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या झोळीचा काटा घेऊन आल्या की बाळ झोपलंय म्हणून परत पाठवू नका.

आणि मे महिन्याच्या उकाड्यातही सहा महिन्यांच्या आत पाणी पाजायचं नाही. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं.

सगळा दोष डब्यावर ढकलणं

पहिल्याला झालेला त्रास पावडरीचा होता की कालवण्याचा? डबा महाग, म्हणून पुरवून वापरायला पाणी वाढवलं की बाळाचं वजन वाढत नाही. अंग धरावं म्हणून चमचा शिगोशीग भरला की शी घट्ट होते. डब्यातला चमचा दाबून न भरता सुरीच्या पाठीने सपाट करायचा. आधी मोजून पाणी, मग पावडर. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच कालवावं आणि निववून पाजावं. पावसाळ्यात लाइट जाते, फ्रिजचा भरवसा नसतो. दर वेळी ताजंच करा आणि उरलेलं ओतून द्या.

शीतून रक्त जात होतं किंवा अंगावर पुरळ उठत होतं, तर मात्र गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असू शकते. ते बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगा. दुसऱ्या बाळालाही ती निघाली तरी अंगावरचं बंद करायचं नसतं. बहुधा आईला आपल्या जेवणातलं दूध-दही तेवढं थांबवावं लागतं.

एकतर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही

अशी शपथ कशाला? थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं, असंही चालतं. फक्त क्रम पाळा: आधी छाती, मग वरचं. पहिल्या महिन्यात बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) बरं, रोज उकळून घेतलेलं. कुणी फुकट डबा हातात ठेवला तर घेऊ नका. 1992 च्या कायद्याने असं वाटप आणि जाहिरात दोन्हींना बंदी आहे.

लाडवांवर भिस्त

अळीव, डिंक खुशाल खा, पण दूध वाढतं ते दिवसरात्र मिळून आठ-दहा-बारा वेळा पाजल्याने. बांगडा, तारली चालतात. मोरी (छोटा शार्क मासा) दुधासाठी चांगली म्हणून रोज घालतात, ते टाळा. शार्कच्या जातीत पारा साठतो.

लाडवांपेक्षा जास्त उपयोग माणसांचा होतो. नवरा बोटीवर नाहीतर मुंबईला, थोरलं तीन वर्षांचं, आणि माहेरचा महिना संपला की पाजणं सुटतं. त्यानंतर थोरल्याला कोण सांभाळणार, पाणी कोण भरणार, हे सासूबाईंशी आधीच बोलून घ्या. नोकरी असेल तर दुसऱ्या बाळालाही 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे.

कुठे थांबायचं हे न ठरवणं

बाळ सुस्त, शू कमी, वजन दोन आठवड्यांतही भरलेलं नाही, असं असेल तर हट्ट न धरता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि सांगितलं तर वरचं दूध द्या. छाती लाल, कडक होऊन ताप आला तर औषध घ्या, पण पाजणं चालू ठेवा. पाजायच्या वेळेची धडकी भरत असेल, सारखं रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. कर्करोगावरच्या औषधांसारखी काही औषधं चालू असताना पाजता येत नाही, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी त्या आठव्या महिन्याच्या कागदालाच टाचून ठेवा.