सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठर होणं) असलेलं मूल चवड्यावर चालतंय? स्ट्रेचिंग आणि स्प्लिंटमधल्या या चुका टाळा

मध्यंतरी एक आई हसतहसतच आत आली. "मॅडम, टाच टेकायला लागली बघा!" मुलाला उभं केलं. टाच खरंच फरशीला लागली होती. मागून पाहिलं तर टाच बाहेर कललेली, तळव्याची कमान आतल्या बाजूने जमिनीवर बसलेली. घोटा जिथे होता तिथेच होता. वाकलं होतं ते पाऊल, मधोमध. रोज नेमाने केलेलं स्ट्रेचिंग भलत्याच सांध्यांवर गेलं होतं.

यात आईचा दोष नाही, तिला तसंच दाखवलेलं असतं: चवड्याला धरा आणि वर ढकला. पोटरीचा ताठर स्नायू तसा हटत नाही, मग पावलातले मधले छोटे सांधे सैल पडतात. त्याऐवजी टाच तळहातात वाटीसारखी धरा, आधी पायाच्या सरळ रेषेत आणा, मग खाली ओढा. तळवा तुमच्या मनगट आणि कोपराच्या मधल्या हातावर आपोआप टेकतो. वर नेण्याचा दाब तिथून, अगदी सावकाश. गुडघा सरळच हवा, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वरून सुरू होतो आणि गुडघा वाकला की तो सैल होतो. झटका तर नकोच. सीपीतला ताठर स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितका जास्त आवळतो.

हेच तपासायलाही वापरता येतं. गुडघा वाकवून पाऊल वर येतं, सरळ ठेवून येत नाही, तर मुख्यतः वरचा स्नायू आखडलाय. दोन्ही वेळा येत नसेल तर पोटरीचा खालचा, गुडघ्याखाली सुरू होणारा स्नायूही आखूड झालाय. डॉक्टरांना हे सांगा, पुढचा निर्णय बराचसा यावर ठरतो.

स्प्लिंटचं, म्हणजे पाऊल आणि घोटा सरळ धरून ठेवणाऱ्या साच्याचं, रडगाणं वेगळंच. "दिवसभर घालतो" म्हणतात, आणि आत टाच बोटभर वर तरंगत असते! बनवणाऱ्याकडून टाचेच्या जागी छोटं भोक पाडून घ्या, आत टाच बसलीय का ते दिसतं. घालताना गुडघा वाकवा, टाच मागे दाबा, घोट्यावरचा पट्टा सगळ्यात आधी आवळा, पोटरीचा शेवटी. मोज्याला सुरकुती नको. काढल्यावर दिसणारी लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर स्प्लिंट दुरुस्तीला न्या, मुलाला दामटून घालू नका. आणि रात्री स्प्लिंट घालून मूल गुडघे पोटाशी घेऊन झोपत असेल तर तो वरचा स्नायू काही ताणला जात नाही, हे कुणी सांगतच नाही.

बोटॉक्सबद्दल, म्हणजे ताठर स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनबद्दल, थोडक्यात. इंजेक्शनने ताठरपणा साधारण तीन ते सहा महिने उतरतो. आखूड झालेला स्नायू त्याने लांब होत नाही. त्या काळात व्यायाम, स्प्लिंट, गरज पडली तर टप्प्याटप्प्याचं प्लास्टर झालं नाही, तर पैसे पाण्यात. इंजेक्शन देऊन सुट्टीला गावी गेलेली कितीतरी कुटुंबं मी पाहिलीत. खर्चासाठी 'निरामय' विमा योजनेची चौकशी करा. 1 लाख रुपयांपर्यंतच्या त्या संरक्षणात थेरपीही येते.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती घाईच्या ऑपरेशनची. मेंदूची इजा वाढत नसली तरी हाडं वाढतात, ताठर स्नायू मागे पडतो. म्हणून फार लहानपणी ऑपरेशनने लांबवलेली टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर) पुन्हा आखडण्याची शक्यता जास्त. शीर गरजेपेक्षा जास्त लांबवली तर त्याहून वाईट. पोटरी हा नडगीचा ब्रेक आहे. तो सैल झाला की नडगी पुढे कोसळते आणि मूल गुडघे वाकवून, बसल्यासारखं चालायला लागतं. चवड्यावरचं चालणं त्यापेक्षा बरं होतं, असं पालक मग म्हणतात. म्हणून फक्त टाचेचं ऑपरेशन सुचवलं तर विचारा: गुडघा आणि खुबा तपासला का? खुब्याचा एक्स-रे कधी काढला?

त्या मुलाचं घरचं स्ट्रेचिंग आम्ही आधी बंदच केलं. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून आईला दाखवला: सपाट, मधे जराही खाच नसलेला. मग टाच तिच्या तळहातात दिली आणि तिचा हात माझ्या हातात धरला. पहिल्यांदा दाब दिल्यावर ती म्हणाली, "अहो, हे तर हलतच नाही." हलत नव्हतंच. आतापर्यंत हलत होतं ते दुसरंच काहीतरी.